पांच रुग्णांचा वृत्तान्त

ता. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत लॉस एंजेलिसच्या पांच तरुणांची हकीकत प्रसिद्ध झाली. तिचें गद्य रूक्ष आहे, तरी आम्हांस तें आदर्श वाटतें. पांचहि पुरुष समलिंगी, पांचांसहि एक विरळा न्यूमोनिया, दोघे मृत, तिघांचें रक्त तपासलें, त्यांत रोगप्रतिकारक टी-पेशी फारच थोड्या. जें मोजलें तेवढेंच सांगितलें आहे.

शेवटच्या टिपणांत मात्र दोन तर्क येतात: समलिंगी जीवनपद्धतीचा कांहीं संबंध, किंवा समागमांतून जडणारा रोग. लोकांनीं पहिलाच उचलला, आणि १९८२ त समलिंगी पुरुषांचें नांवच रोगास चिकटलें. १९८३ त पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत विषाणु सांपडला. तो समागमाप्रमाणेंच रक्तावाटे व आईकडून अर्भकासहि जडतो.

पुढें १९८४ पासून बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग व लॉस एंजेलिस येथील सुमारें पांच हजार समलिंगी पुरुष दर सहा महिन्यांनीं तपासणीस येऊन रक्त देऊं लागले. त्यांतूनच टी-पेशींची घट ही रोगाची आगाऊ खूण ठरली. ज्यांस दूषण लागलें, त्यांच्याच औदार्यावर हें शास्त्र उभें राहिलें, याची नोंद समीक्षकानें तरी ठेविली पाहिजे.