गणवेशाशी भांडणारा कोट

जंग वूक-जून हे कोरियन डिझायनर 'जून.जे' या नावाने पॅरिसमध्ये पुरुषांचे कपडे दाखवतात. त्यांचा ट्रेंच कोट पाहताना नजर आधी खांद्यावर अडकते. शिवण खांद्याच्या टोकावर नसते, दंडावर उतरलेली असते. मुंढा खोल, बाही रुंद, पाठीवरची पावसाची झडप सुटी होऊन पसरलेली. तरीही कोट ढगळ दिसत नाही. आत कुणीतरी फार काटेकोर हिशेब केला आहे, हे कापड ज्या तऱ्हेने खाली पडतं त्यावरून कळतं.

जंग यांनी सोलच्या एस्मोद या फॅशनशाळेत शिक्षण घेतलं, 1999 मध्ये 'लोन कॉस्च्युम' हे लेबल सुरू केलं आणि 2007 मध्ये पॅरिस गाठलं. तेव्हापासून ट्रेंच कोट आणि बॉम्बर जॅकेट त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिले. दोन्ही सैन्यातून आलेले: एक पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचा, दुसरा अमेरिकन वैमानिकांचा. रस्त्यावरची ढब आणि शिंपीकामाची शिस्त यांचा मेळ, अशी त्यांच्या कामाची ओळख करून दिली जाते. ती खरी आहे, पण अपुरी.

कोरियन पुरुषाच्या शरीरावर राज्यकर्त्यांनी किती काळ हक्क सांगितला, हे आठवल्याशिवाय हे कपडे नीट वाचता येत नाहीत, असं मला वाटतं. 1895 मध्ये पुरुषांनी शेंडीचा बुचडा कापावा असा हुकूम निघाला. केस हे आई-वडिलांचं देणं मानणाऱ्या समाजात त्यावरून बंडं झाली. 1970च्या दशकात लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत लांब केस ठेवणाऱ्या तरुणांना पोलीस रस्त्यात अडवून कात्री लावत. शाळकरी मुलांचा गणवेश 1983 मध्ये सक्तीचा राहिला नाही, आणि काही वर्षांतच तो बहुतेक शाळांत परत आला. सक्तीची लष्करी सेवा तर आजही आहे. भूदलात साधारण दीड वर्ष. डिसेंबर 2022 मध्ये बीटीएस या के-पॉप गटातला जिन डोकं भादरून छावणीत दाखल झाला तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी मुलींना ही सक्ती पहिल्यांदा जाणवली.

गणवेशाचा सारा जोर मापात असतो. दहा हजार शरीरं पाच-सहा मापांत बसवायची आणि त्यांच्यातला फरक पुसायचा. जंग याच मापावर हात घालतात. खांद्याच्या पट्ट्या, पितळी कड्या, कॉलरचा हुक, सगळं जागच्या जागी ठेवून ते प्रमाण बिघडवतात. अधिकाऱ्याचा कोट अंगावर येतो, पण त्यात अधिकार उरत नाही. आतला मुलगा लहान, जरा हरवलेला दिसतो. त्यांनी हे अशा शब्दांत मांडलं आहे असा माझा दावा नाही. कपडे मात्र ते मांडतात.

ज्येष्ठ डिझायनर वू यंग-मी यांच्या कामाशेजारी हे काम ठेवलं की फरक दिसतो. त्यांनी 1988 मध्ये, सोल ऑलिंपिकच्या वर्षी, 'सॉलिड ओम' काढलं आणि 2002 मध्ये स्वतःच्या नावाने पॅरिसला गेल्या. चौकोनी सुटात कोंडलेल्या कोरियन नोकरदाराला त्यांनी हळुवार, सडपातळ रेषा दिली, आणि हे यश फार मोठं आहे. त्यांच्या प्रेरणा मात्र मला अनेकदा दुरून पाहिलेल्या वाटतात. 2024च्या उन्हाळी संग्रहात जेजू बेट आणि तिथल्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रतळाशी जाणाऱ्या पाणबुड्या बायका, आल्या. पोताची आणि रंगांची चैन होती. त्या बायकांचे कष्ट मात्र कपड्याच्या घडणीत उतरले नाहीत.

जंग यांच्या वाटेवर पैसाही आला. 2011 मध्ये सॅमसंगच्या चेइल इंडस्ट्रीजने त्यांचं लेबल घेतलं. ही कंपनी 1954 मध्ये देगू शहरात लोकरीच्या कापडाची गिरणी म्हणून सुरू झाली होती. जानेवारी 2016 मध्ये ते फ्लॉरेन्सच्या पित्ती उओमो या पुरुषी फॅशनच्या मेळ्याचे पाहुणे डिझायनर होते. पण गेल्या दशकात ढगळ कोट जगभरच्या दुकानांत पोचला आणि त्यांच्या युक्तिवादाची धार गेली. मोठं माप हाच जेव्हा सर्वांचा गणवेश होतो, तेव्हा आणखी मोठ्या मापाने काही सिद्ध होत नाही. अलीकडचे त्यांचे काही संग्रह मला याच जागी थांबलेले दिसतात.

दुसरी उणीव जास्त टोचते, आणि ती एकट्या जंग यांची नाही. सोलची फॅशन उभी आहे ती दोंगदेमुन बाजारावर. कापड, बटणं, चेन, अस्तर सगळं एका परिसरात; शेजारच्या चांगशिन-दोंगच्या चढावर शिवणकामाचे छोटे कारखाने, आणि गल्ल्यांतून कापडाचे तागे वाहणाऱ्या मोटारसायकली. याच भागातल्या प्योंगह्वा मार्केटमध्ये 13 नोव्हेंबर 1970 रोजी चन ते-इल या 22 वर्षांच्या कामगाराने शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या हक्कांसाठी स्वतःला पेटवून घेतलं. छावणीला रॅम्पवर जागा मिळाली. या चढाला तेवढी जागा द्यायला हवी होती.

नव्या पिढीतलं 'पोस्ट आर्काइव्ह फॅक्शन' हे लेबल मला महत्त्वाचं वाटतं ते कापण्या-शिवण्यावरच्या त्याच्या भरामुळे. लिम दोंग-जून यांनी 2018 मध्ये ते सुरू केलं. त्यांचा प्रत्येक संग्रह तीन भागांत येतो: उजवा रोज घालण्याजोगा, डावा निव्वळ प्रयोगाचा, मधला या दोहोंच्या मध्ये. पॅरिसला कोरिया दाखवण्याची घाई इथे नाही. 2006 मध्ये डिझायनर ली सांग-बोंग यांनी कापडावर हंगुल या कोरियन लिपीतली अक्षरं आणली, तेव्हा ती गरज होती. लिम यांच्याकडे सगळा विचार कापण्यात आहे. शिवण बगलेतून निघून पाठीला वळसा घालते आणि पुढचा तुकडा कुठे संपतो ते सापडत नाही. डाव्या भागातले कपडे रोज अंगावर घालणारे थोडेच असणार, पण उजव्या भागातल्या साध्या जॅकेटच्या कोपरावरची वळणं पाहिली की ती कुठे जन्मली ते कळतं.