एका गादीचं परीक्षण

समीक्षक व्हायला मराठीचा एम. ए. लागतो, असा एक समज आहे. मी बी. कॉम. आहे. पण पंचवीस वर्षं बँकेत दुसऱ्यानं लिहिलेल्या व्हाउचरांवर लाल खुणा करणाऱ्या माणसाला खोट काढण्याचा जो सराव होतो, तो कुठल्या विद्यापीठात व्हायचा नाही. आमच्या राहुरीत १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, पण तिथं खोट काढतात ती बियाण्यातली. तेव्हा न्यू जर्सीच्या भाच्यानं फोटो पाठवून "मामा, खरं सांग, कसं झालंय?" असं विचारलं, ते योग्य माणसालाच विचारलं.

फोटो शवपेटीचा होता. दचकू नका, पेटी खोटी होती. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात आणि मोठी माणसं अंगणात सांगाडे मांडतात. दिवाळीच्या आधी आपण कोळिष्टकं झाडून काढतो. ते लोक विकत आणून लावतात. आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून सुखरूप घरी येते. तिकडे त्याच भोपळ्याला डोळे-दात कोरून भूत करतात. मूळ आयर्लंडात म्हणे शलगम कोरत. अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला. परदेशी गेलं की सगळ्यांचंच जरा मोठं होतं.

आता कलाकृतीकडे वळू. सांगाडा प्लायवूडचा, षट्‌कोनी: खांद्याशी रुंद, पायाशी निमुळता. सुतारकाम बरं. पण खरं काम आतलं. तळाशी आणि बाजूंना कापसाचा थर, त्यावर पांढरं साटीन. बाजूचं कापड लांबीच्या दुप्पट घेऊन चुण्या घातलेल्या. झाकणाच्या आत बर्फीसारखे खण पाडून मधोमध गुंड्या. कापडाची कड जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर दुमडून आतून पिना मारलेल्या, म्हणजे पीन दिसत नाही. इतकी सफाई आमच्या हेड ऑफिसच्या ताळेबंदातसुद्धा नसते.

तरी एकट्याच्या मतावर जाऊ नये म्हणून फोटो आमच्या पेठेतल्या गादीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "सोफा कोणाकडचा?" मी म्हटलं, "सोफा नाही, पेटी आहे." त्यानं फोटो मोठा करून पाहिला. "टाके उथळ घेतलेत. साटीन निसरडं असतं. आत कापूस सरकून एका कडेला गोळा होणार." पेटी कशाची, हे त्यानं विचारलं नाही. समीक्षकाची ही तटस्थता मला कधी जमली नाही.

माझा पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. भुताच्या पेटीत गादी हवीच कशाला? ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ सालचा. तो लंडनला निघाला तेव्हा साटीन नव्हे, मातीनं भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन निघाला. झोपायचा तो आपल्या गावच्या मातीत. माणूस खलनायक असेल, पण गाव विसरला नव्हता. आमच्या पिढीनं असली भुतं पाहिली ती रामसे बंधूंच्या कृपेनं. १९९० सालच्या 'बंद दरवाजा'नं आम्हाला देशी ड्रॅक्युला दिला. पण पेटीत गादी आहे की सतरंजी, हे पाहायला आमच्यापैकी कोणाचे डोळे उघडे होते? आणि मेलेल्याला गादीच काय, पेटीही लागत नाही, हे सतीश आळेकरांनी १९७४ साली 'महानिर्वाण'मध्ये दाखवून दिलं. त्यातला मेलेला भाऊराव सरळ उभा राहून कीर्तन करतो. लोक हसतात, आणि घरी जाताना गप्प होतात.

गादीचा षोक केला तो सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीनं. साटीनचं अस्तर लावलेली शवपेटी तिनं घरात ठेवली, तिच्यात पडून फोटो काढून घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं नाटकं करून १९२३ साली वारली. म्हणजे गादीचा उपयोग तिला जिवंतपणी जास्त झाला.

इथंच मुद्द्याला हात लागतो. राहुरी तालुक्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईही इथं राहून गेलेले. शेजारधर्मानं मी दफनाला गेलेलो आहे. पेटी साधी असते. आत पांढरं कापड ताणून बसवलेलं. आडवा झालेल्याला त्याचं काही नसतं. ते कापड भोवती उभे असलेल्यांसाठी असतं, त्यांच्या डोळ्यांना फळीचा खिळा टोचू नये म्हणून. आमच्या कौंटरवर मयत खातेदाराचे कागद घेऊन कोणी आलं, की मीही आधी खुर्ची पुढे करतो आणि मग मृत्यूचा दाखला मागतो. ते अस्तरच. आमच्यात तिरडीला तेवढंही नाही. बांबू, कडबा, सुतळी. दाजी गेले तेव्हा ताईनं त्यांच्या मानेखाली उशी सरकवली होती. "तसं नसतं" म्हणून जाणत्यांनी ती काढून ठेवली. ती काही बोलली नाही.

ताई सध्या लेकाकडेच आहे. पेटी पाहून तिनं पहिल्या दिवशी मला फोन केला. "दिवाळी तोंडावर, आणि दारात हे अभद्र!" चौथ्या दिवशीचा फोटो मी बारकाईनं पाहिला. डाव्या बाजूच्या चुण्या गबाळ्या, उजव्या बाजूच्या मात्र नऊवारीच्या निऱ्यांसारख्या, एकीसारखी एक. म्हणजे कलाकृती दोन हातांची. शिवाय डोक्याच्या बाजूला साटीन फुगलेलं, आणि त्यातून कसला तरी हिरवा काठ पुसट दिसतो. मी हे दोन्ही दोष कळवले.

भाच्याचं उत्तर आलं. त्याची नऊ वर्षांची मुलगी या पेटीत पडून राहणार आणि पोरं दाराशी आली की ताडकन उठून बसणार, असा बेत. तालमीत परत आडवी होताना तिचं डोकं फळीवर आपटलं. "करायचंच तर नीट करा मेल्यांनो" म्हणून ताईनं साटीन उसवलं, आपलं सुती पातळ चार घड्या करून आत घातलं आणि वरून पुन्हा शिवलं. उजवी बाजूही तिनंच केली. या वेळी "तसं नसतं" म्हणणारं तिथं कोणी नव्हतं.

तेव्हा निकाल असा. भीतिदायक वस्तू म्हणून ही पेटी नापास. जिच्यात पाहणाऱ्यालाच डुलकी घ्यावीशी वाटते, तिला कोण भिणार? पण खऱ्या पेटीतली गादी दिखाऊ असते आणि या खोट्या पेटीतली तेवढी खरी आहे, कारण तिच्यावर टेकणारं डोकं दुखू शकतं. हिरव्या काठाबद्दलचा आक्षेप मी मागे घेत नाही. दिसतो तो दिसतोच. फक्त तो दोषांच्या रकान्यातून काढून दुसऱ्या रकान्यात घेतला आहे.

सूचना दोन. टाके खोल घ्यावेत, हे गादीवाल्याचं. आणि पुढच्या वर्षी पेटी दोन-तीन इंच लांब करावी, हे माझं. पोरगी वाढते आहे.