राजाला पेन्शन, रूढीला गादी

पॅरिसमध्ये २१ जानेवारी १७९३ला सोळाव्या लुईचं मुंडकं उडवलं. त्याआधी त्याच्यावर खटला चालला होता. तो खटला न्याय्य होता की नव्हता, यावर लोक अजून भांडतात. पण राजाच्या सत्तेला मुळात आधार काय, हा प्रश्न भर सभेत निघाला, त्यावर भाषणं झाली, मतं मोजली गेली. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाला १८१८मध्ये वर्षाला आठ लाखांचं पेन्शन मिळालं आणि तो बिठूरला गेला. तिथे तो १८५१पर्यंत जगला. साताऱ्याची गादी १८४८मध्ये खालसा झाली, तीही औरस वारस नाही म्हणून. सत्ता गेली खरी, पण सत्तेवर लगाम का हवा हा युक्तिवाद मराठीत नीट मांडला जायच्या आधीच गेली.

मग तो युक्तिवाद गेला कुठे? माझं म्हणणं असं की तो गोपाळ गणेश आगरकरांच्या निबंधांत आला, फक्त येताना त्याने पत्ता बदलला. राजवाडा रिकामाच होता, म्हणून तो माजघरात शिरला.

आगरकर आपल्याला शाळेत भेटतात ते पाच मार्कांच्या प्रश्नातून. टिळक म्हणाले आधी राजकीय, आगरकर म्हणाले आधी सामाजिक, फरक स्पष्ट करा. या एका प्रश्नाने आगरकरांचं जितकं नुकसान केलंय, तितकं त्यांच्या विरोधकांनीही केलं नसेल. कारण निबंध सलग वाचले की लक्षात येतं, हे दोन विषय त्यांना वेगळे वाटतच नव्हते. ज्याला घरात ‘का’ विचारायची सवय नाही, तो कचेरीत कसा विचारेल, एवढं त्यांचं साधं गणित आहे. ‘गुलामांचे राष्ट्र’ या निबंधाचं नाव ऐकून वाटतं, इंग्रजांवर असेल. वाचायला बसलं की कळतं, रोख आपल्यावर आहे. पूर्वजांनी ठरवलं म्हणून जेवायचं, नेसायचं, लग्न लावायचं, आणि एक दिवस परका राज्यकर्ता आला की त्याचंही तसंच ऐकायचं.

वऱ्हाडात बसून हे वाचताना आणखी एक गंमत दिसते. मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. आमचा असदगड औरंगजेबाच्या काळातला, असदखानाच्या नावाचा. पुढे वऱ्हाड निजामाचं झालं, पण वसुलीत नागपूरकर भोसल्यांचाही वाटा होता. या कारभाराला ‘दुअमली’ असा खास शब्दच आहे. राजा एक आणि त्याची सत्ता अमर्याद, हे युरोपातल्या पुस्तकांतलं चित्र आमच्याकडे कधी नीट बसलंच नाही. इथे शेतकऱ्याच्या दारात दोन-दोन वसूलदार यायचे. १८०३मध्ये आडगावच्या लढाईत भोसले हरले आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे राहिलं. १८५३मध्ये निजामाने ते इंग्रजांकडे सोपवलं, ते कारभारापुरतं. मालक हैदराबादेतच. अकाउंट निजामाच्या नावावर आणि पासवर्ड इंग्रजांकडे, अशी ही व्यवस्था. १९०२मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर तिचा कायमचा पट्टा झाला.

या अशा मुलखात, १८७०च्या दशकात, कराडजवळच्या टेंभूचा एक गरीब मुलगा नातेवाइकांकडे राहून शिकला आणि १८७५मध्ये मॅट्रिक झाला. इथल्या हायस्कुलातले विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्याचा आधार. महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ नाटक केलं. शिष्याने पुढे ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं. अकोल्याने आगरकर घडवले वगैरे दावा मी करणार नाही. असले दावे प्रत्येक गाव करतं. पण ज्या गावात राजा कोण याचं उत्तर रोजच्या जगण्यात कुठेच लागत नाही, तिथे वाढलेल्या मुलाने पुढे राजापेक्षा सवयीच्या सत्तेवर जास्त लिहावं, यात मला काही नवल वाटत नाही. आमच्याकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. आगरकरांच्या कानावर तो शब्द पडलाच असणार. त्यांचे निबंध म्हणजे पानंच्या पानं चाललेलं ‘काहून?’ आहे.

हे ‘काहून’ ते विचारतात कसं, ते पाहण्यासारखं आहे. सोवळं असो, विधवेचं केशवपन असो, बायकांनी जाकिटं घालावीत हा त्या काळी हसण्यावारी नेलेला विषय असो, पद्धत तीच. ही चाल सुरू झाली तेव्हा तिचा उपयोग काय असेल? तो उपयोग आज उरलाय का? उरला नसेल तर ती चालू ठेवण्यात कोणाचा फायदा, आणि किंमत कोण मोजतंय? माझ्या कामात रोज जुना कोड वाचावा लागतो. एखादी ओळ का आहे हे टीममध्ये कोणालाच माहीत नसतं, आणि सगळे सांगतात, चालतंय ना, हात लावू नको. आगरकर ती ओळ उघडतात, कोणी कधी लिहिली याचा माग काढतात आणि मग काढून टाका म्हणतात. याच माणसाने १८८८मध्ये ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. मला हा योगायोग वाटत नाही. वाक्याचे भाग सुटे करून कोणता कशावर अवलंबून आहे ते दाखवायचं, आणि मग तेच कुटुंबाचं करायचं.

विचारांची सामग्री अर्थात मिल आणि स्पेन्सर यांची. मिलचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९चं. युरोपात तोवर राजांना बऱ्यापैकी लगाम बसत आला होता, आणि मिलला पुढचा धोका दिसत होता: समाजाची आणि रूढीची हुकूमत. म्हणजे तिकडे राजा आधी आणि रूढी नंतर, असा क्रम लागला. आगरकरांना दुसरा भाग आधी हाती आला. शिवाय मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि त्याच पुस्तकात तो सरळ सांगतो की हे स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. त्यांच्यासाठी सुधारणा करणारा एकतंत्री राजाही चालेल. तिथे तो अकबराचं नावही घेतो. ज्या पुस्तकाने आपल्याला दाराबाहेर ठेवलं, त्याच पुस्तकाने आगरकरांनी आपलं दार ठोठावलं. मला हे धाडसाचं वाटतं. अडचणीचंही वाटतं, पण तिकडे जाण्याआधी डोंगरी.

आगरकर तुरुंगात गेले ते रूढीविरुद्ध लिहून, असा अनेकांचा समज असतो. ते गेले एका राजासाठी. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालू आहे, दिवाण माधवराव बर्वे त्यात आहेत, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी छापलं. ज्या पत्रांच्या आधारावर छापलं ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला आणि जुलै १८८२मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. जामीन राहिले ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींपैकी उरवणे. शिक्षेत सूट मिळून दोघे एकशे एक दिवसांनी सुटले, आणि आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ लिहिलं.

हे छोटं पुस्तक त्यांच्या निबंधांपेक्षा मला जास्त आवडतं. निबंधांतला मास्तर इथे नाही. कोठडी, जेवण, रात्र-रात्र चाललेले दोघांचे वाद, सगळं हसत सांगितलंय, स्वतःकडे बघत. पण त्या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट कुठेच येत नाही. राजावर अन्याय होतोय का, हा प्रश्न आहे. राजा असावाच का, हा नाही. रूढीला ‘काहून’ विचारणारा माणूस गादीपुढे आल्यावर गप्प आहे. त्याचं कारणही कळतं: गादीच्या मागे इंग्रजांचा पोलिटिकल एजंट उभा होता, आणि दुबळ्या राजाची बाजू घेणं हाच तेव्हा सत्तेला विरोध होता. पुढच्याच वर्षी, १८८३मध्ये, ‘हॅम्लेट’चं भाषांतर ‘विकारविलसित’ आलं. वेडा आहे की वेडा ठरवलाय हे कळू न देणारा राजपुत्र, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मेलेले छत्रपती. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की ‘विकारविलसित’ हा नुसता शेक्सपिअरचा अभ्यास राहत नाही.

आता ती अडचण. १८९१मध्ये संमतीवयाचा कायदा आला. वय दहावरून बारा. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. आज आपण न विचारताच आगरकरांच्या बाजूला उभे राहतो, आणि मुलींच्या जिवाचा प्रश्न असताना दुसरीकडे उभं राहणं मलाही जमणार नाही. पण टिळकांच्या मुद्द्याला त्यांनी दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ज्या सरकारला आपण निवडलं नाही आणि हटवूही शकत नाही, ते घरात येऊन चांगला नियम करतंय. हीच तर एकतंत्री सत्ता, फक्त हुकूम आपल्या आवडीचा. मिलचा अकबर इथे व्हाइसरॉय होऊन आला. विवेकाने पटवून रूढी जाईल, या भरवशावर आगरकरांचं सगळं लेखन उभं आहे, आणि घाई झाली तेव्हा त्यांनाही हुकूमच लागला.

आणि कोल्हापूर इथे पुन्हा येतं. ते छत्रपती गेले, गादी रिकामी झाली, १८८४मध्ये दत्तक आले ते शाहू. २६ जुलै १९०२ला त्यांनी संस्थानातल्या पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. सभा नाही, मतदान नाही, एक जाहीरनामा. आगरकर १८९५मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. त्यांनी हे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय लिहिलं असतं, हा माझा आवडता रिकामा उद्योग आहे. जातीवर ते जोरात लिहितात, पण त्यांच्या निबंधातलं घर बहुतेक वेळा शिकलेल्या ब्राह्मणाचंच असतं. त्या घरातली विधवा वादाचा विषय असते, वादात बोलत मात्र नाही. ‘गुलामगिरी’ १८७३ची, आगरकर तेव्हा शाळेत होते. फुल्यांनी टॉमस पेन वाचला होता, राजेशाहीचा हाडवैरीच तो. तरी न्यायाचं स्वप्न सांगताना त्यांना बळीराजाच आठवला. ज्यांना ना पेशवाईत बोलता आलं ना पंचायतीत, त्यांना चांगला राजा ही चेष्टा वाटत नव्हती. आगरकरांच्या अंगणातून हे दिसत नाही.

तरी वाचा. निबंधसंग्रहापासून सुरुवात करू नका. फोनवर त्यांची लांबच लांब वाक्यं दोन स्क्रीन पुढे सरकतात आणि क्रियापद येईपर्यंत नोटिफिकेशन येतं. आधी ‘डोंगरी’, ते एका प्रवासात संपतं. मग ‘गुलामांचे राष्ट्र’. त्यानंतर जाकिटांवरचा निबंध, आणि तो मात्र मोठ्याने, घरात माणसं असताना. मी आमच्याकडे वाचून दाखवला. आजी शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “अन् त्याच्या बायकोनं काय म्हटलं, ते काहून नाई लिहिलं त्यानं?”