डेसिमेट : उरलेल्या नऊ जणांचा शब्द

मंडळी, आज आपण एकाच इंग्रजी क्रियापदापाशी थांबू : 'डेसिमेट'. बातमीत हा शब्द आला की आपण 'नायनाट' लिहून मोकळे होतो. पण नायनाटात मागे कोणी उरत नाही. 'डेसिमेट'ची तर सगळी गोष्टच उरलेल्यांची आहे. कशी, ते बघू.

मुळात लॅटिन 'देकेम' म्हणजे दहा. आपल्या 'दश'च्याच कुळातला शब्द. लढाईतून पळालेल्या रोमन तुकडीतून चिठ्ठ्या टाकून साधारण दहातला एक निवडत आणि सोबत्यांच्याच हातून त्याला ठार मारवत. पॉलिबियस लिहितो, उरलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळे आणि तळ तटबंदीबाहेर ठोकावा लागे. स्पार्टाकसविरुद्धच्या युद्धात क्रॅससनं 500 जणांचे 50 गट पाडून प्रत्येक गटातला एक मारला, असं प्लूटार्क सांगतो. मेलेला जास्त दोषी होता असं नाही, त्याची चिठ्ठी निघाली एवढंच.

पुढे इंग्रजीत याच शब्दाला 'दशांश घेणे' असाही अर्थ आला. क्रॉमवेलच्या राजवटीनं 1655 मध्ये राजाच्या पक्षाच्या लोकांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर लादला, त्याला 'डेसिमेशन' म्हणत. इथे मरण गेलं, हिशेब राहिला. आज हिशेबही गेलाय. 'मोठ्या भागाचा संहार करणे' एवढाच अर्थ चालतो.

यावर शुद्धतावादी रुसतात : दहातला एक म्हणजे एकच! आम्हाला हा हट्ट पटत नाही. मम्मटानं 'कुशल' शब्दाचं उदाहरण दिलंय. मूळ अर्थ दर्भ आणणारा. आज कोणी कुशल कारागिराकडे दर्भ मागतं का? रूढी अर्थ बदलते, बदलू द्यावा.

आमची तक्रार वेगळी आहे. आकडा हरवला तर हरवू दे, पण मारणारा हात हरवला, ते वाईट. रोमन शब्दात तो हात स्पष्ट दिसायचा : हुकूम सेनापतीचा, दांडकं सोबत्याचं. आज 'वस्ती डेसिमेट झाली' म्हणतात, जणू आपोआपच झाली. आपणही 'उद्ध्वस्त झाली' लिहितो आणि 'केली' लिहायचं टाळतो. साथीच्या रोगाबद्दल ते ठीक आहे, पण युद्धाबद्दल नाही.

म्हणून भाषांतर करताना कोशाआधी दोन प्रश्न विचारू या : मागे कोण उरलं? आणि हे कुणी केलं? त्यांची उत्तरं मिळाली, की मराठी शब्द शोधायला फार वेळ लागत नाही.