चवथीचा चंद्र आणि स्यमंतकाचा आळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संध्याकाळी चंद्राकडे पाहू नये, पाहिल्यास पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो, हा समज आपल्या मंडळींत फार जुना आहे. गोमंतकात माटोळीखाली गणपती बसलेला असो, बेळगावच्या एखाद्या जुन्या वाड्यात असो, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरात असो, त्या संध्याकाळी अंगणात उतरणाऱ्या मुलाला घरातील वडील माणूस 'वर बघू नकोस' असे बजावल्यावाचून राहत नाही. एरवी देवधर्माविषयी उदासीन असणारे सुशिक्षित गृहस्थही त्या दिवशी मान किंचित खाली घालूनच शेजारच्या आरतीस जातात. या समजाची आजवर थट्टा पुष्कळ झाली आणि समर्थनही पुष्कळ झाले; परंतु ज्या कथेच्या आधारावर तो उभा आहे ती कथा मुळात काय सांगते, याची चिकित्सा क्वचितच झाली. ती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या समजाच्या मुळाशी दोन कथा आहेत. पहिली सर्वांच्या तोंडची. मोदक खाऊन तृप्त झालेला गजानन उंदरावरून घसरून पडला, ते पाहून रूपगर्वित चंद्र हसला, आणि या तिथीला तुझे मुख जो पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल, असा शाप गजाननाने दिला. दुसरी कथा स्यमंतक मण्याची. साक्षात श्रीकृष्णानेही चवथीचा चंद्र पाहिला, कोणी म्हणतात दुधाच्या भांड्यात, कोणी म्हणतात गाईच्या खुरात साचलेल्या पाण्यात, आणि म्हणून त्याच्यावर मणी चोरल्याचा आळ आला, अशी या दोन कथांची सांगड सिद्धिविनायकाच्या व्रतकथेत घातलेली आहे. पण भागवताच्या दशम स्कंधातील छप्पन्नावा व सत्तावन्नावा अध्याय उघडून पाहावा. स्यमंतकाची समग्र हकीकत तेथे आहे, आणि तीत चवथीच्या चंद्राचा उल्लेखही नाही. मग भागवतकारांच्या मते आळ आला कशाने?

सत्राजित हा सूर्याचा भक्त. सूर्याकडून त्याला मिळालेला मणी रोज आठ भार सोने देत असे. हा मणी यादवांचा राजा उग्रसेन याला द्यावा असे श्रीकृष्णाने सुचविले. सत्राजिताने ते मानले नाही. पुढे त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून मृगयेस गेला आणि परतला नाही. तेव्हा सत्राजित म्हणाला की, कृष्णानेच बहुधा माझ्या भावाला मारले असावे. मूळ संस्कृतात येथे 'प्रायः' असा शब्द आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. सत्राजिताजवळ पुरावा नव्हता. कृष्णाने एकदा मणी मागितला होता, एवढाच त्याच्या संशयाचा आधार. तो संशयच आहे, ही कबुली त्या एका शब्दात आहे. पण ते वाक्य द्वारकेतील लोकांनी ऐकले आणि ते या कानातून त्या कानात कुजबुजत फिरू लागले. अशा प्रवासात 'बहुधा' हा शब्द सर्वांत आधी गळतो, हे साक्षीपुरावे ऐकण्यात वीस वर्षे घालविलेल्या आम्हांस कोणी सांगावयास नको. महाराष्ट्रातील एका खुनाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली बजावले की, आरोपी दोषी 'असेल' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांतील अंतर मोठे आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचाच असला पाहिजे, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक, त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिला आहे. आधुनिक कायदा भागवतात होता, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. पण द्वारकेच्या गल्लीबोळांत काय चुकत होते, हे भागवतकारांना नेमके ठाऊक होते, यात शंका नाही. त्यांनी बोट दाखविले ते आकाशाकडे नव्हे, माणसाच्या जिभेकडे.

आळ आल्यावर श्रीकृष्ण कसा वागतो, तेही पाहण्यासारखे आहे. तो रागावत नाही, शपथ घेत नाही, आपल्या देवपणाचा आधार घेत नाही. तो नागरिकांना सोबत घेऊन प्रसेनाचा माग काढतो. प्रसेन व त्याचा घोडा यांना सिंहाने मारले आणि त्या सिंहाला पुढे एका अस्वलाने मारले, हे सर्वांना प्रत्यक्ष दिसते. आजच्या भाषेत याला पंचनामा म्हणावे. मग पंचांना गुहेबाहेर थांबवून तो एकटा आत जातो. जांबवानाशी अठ्ठावीस दिवस झुंज चालते. बाहेरची मंडळी मात्र बारा दिवस वाट पाहून घरी परततात. घरी परतल्यावर द्वारकेचे लोक काय करतात? ते सत्राजिताला शिव्याशाप देऊ लागतात! कालपर्यंत त्याचाच संशय कानोकानी नेणारे हेच लोक. जनमत उलटले, पण शहाणे झाले नाही, हे एवढ्या थोडक्यात दाखविणाऱ्या लेखकाच्या निरीक्षणाला आम्ही वंदन करतो. शेवटी श्रीकृष्ण सत्राजिताला राजासमोर भर सभेत बोलावून, मणी कसा मिळाला ते सांगून तो त्याच्या हाती देतो. ज्याची वस्तू त्याला, आणि सर्वांदेखत. इतके होऊनही पुढच्या अध्यायात मणी पुन्हा नाहीसा होतो, तेव्हा सख्ख्या भावाच्या, बलरामाच्या, मनातही किंतु राहतो, आणि तो घालविण्यासाठी अक्रूराला आप्तांसमोर मणी दाखवावा लागतो. आळ धुतला तरी त्याचा डाग किती चिवट असतो, हे यावरून कळावे.

आता तोडग्याकडे वळू. चुकून चंद्र दिसलाच तर एक श्लोक म्हणावा, अशी रीत आहे. सिंहाने प्रसेनाला मारले, जांबवानाने सिंहाला मारले, बाळा रडू नकोस, हा स्यमंतक आता तुझाच, असा त्याचा भावार्थ. तो विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात येतो, आणि तेथे तो मंत्र नाहीच. जांबवानाच्या गुहेत रडणाऱ्या मुलाला दाई समजावीत असते, तिचे ते बोल आहेत. त्यात कोणा देवतेचे आवाहन नाही, काही मागणे नाही. कोणी कोणाला मारले आणि वस्तू आज कोणाजवळ आहे, इतकाच क्रमवार वृत्तान्त आहे. बोलणारीला खटला ठाऊक नाही, आरोपी ठाऊक नाही, कोणाची बाजू घ्यावयाची नाही. म्हणूनच तिचा शब्द विश्वसनीय. आरोपीची निर्दोष सुटका करणारी ही एका निःपक्षपाती साक्षीदाराची जबानी होय. खोट्या आळावरचा उतारा म्हणून आपल्या पूर्वजांनी हीच जबानी निवडावी, यात त्यांची मार्मिकता आहे. आपण मात्र ती अर्थ न कळता पुटपुटतो.

मग प्रश्न उरतो की, अर्थ सुटला तरी रीत का टिकली? दोष चंद्रात नाही, हे रीत पाळणाऱ्यांनाही कळत असले पाहिजे; कारण संकष्टीला त्याच चंद्राचे दर्शन घेतल्याशिवाय आपण उपास सोडत नाही, आणि मिथिलेत तर नेमक्या भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच चौरचनाच्या व्रतात चंद्राची पूजा करतात. टिकण्याचे एक कारण व्यवहारी आहे. या तिथीचा चंद्र रात्रीच्या पहिल्या प्रहरातच मावळतो, कोकणपट्टीत तो बहुधा ढगांआडच असतो, तेव्हा नियम पाळण्यास खर्च जवळजवळ नाहीच. दुसरे कारण असे की, हा नियम खोटा ठरूच शकत नाही. वर्षभरात लहानमोठा आळ कोणावर येत नाही? तो आला की पाण्यात प्रतिबिंब दिसले असेल, असे म्हणता येते. परंतु सर्वांत खोल कारण तिसरे आहे, आणि त्याची थट्टा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. खोट्या आळाचे भय खरे आहे. जेथे देऊळ, नातीगोती आणि व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात, तेथे अब्रू हीच माणसाची खरी मिळकत. आणि अमुक गोष्ट आपण केलेली नाही, हे सिद्ध करणे फार कठीण असते. निर्दोष सुटल्यावरही कित्येक माणसे वर्षानुवर्षे खाली मान घालून वावरताना आम्ही पाहिली आहेत. ज्या संकटावर इलाज आपल्या हाती नाही, त्यावर माणूस हाती असलेला एखादा इलाज शोधतो. जीभ दुसऱ्याची असते, डोळा आपला असतो, म्हणून तो आपला डोळा मिटून घेतो.

याच भयातून उत्तरेकडे एक चमत्कारिक तोडगा रूढ झाला. चंद्र दिसल्यास शेजाऱ्याच्या घरावर दगड टाकून त्याच्या शिव्या खाव्यात, म्हणजे आळाचा भोग त्यातच संपतो. म्हणून त्या दिवसाला तिकडे 'पत्थर चौथ' असे नावच आहे. खोटा आळ येऊ नये म्हणून खरा अपराध करावयाचा, हे तर्कशास्त्र कोणत्याही न्यायाधीशाला थक्क करील! याउलट हैदराबादकडील तेलुगू घरांत चवथीच्या पूजेच्या अखेरीस हातात अक्षता घेऊन स्यमंतकाची संपूर्ण कथा ऐकतात व मग त्या अक्षता मस्तकी धारण करतात. हा प्रघात आम्हांस अधिक समंजस वाटतो. भागवतही या आख्यानाच्या शेवटी हेच सांगते की, ते जो वाचील, ऐकेल किंवा स्मरेल त्याची दुष्कीर्ती दूर होईल.

कोणी म्हणेल, इतक्या निरुपद्रवी चालीवर एवढा ऊहापोह कशाला? महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा जादूटोणाविरोधी कायदा असल्या घरगुती चालीला हात लावीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण जिचे निमित्त करून ही चाल पडली, ती कुजबूज निरुपद्रवी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना चोर समजून जमावाने मारले. या आठ जणांना माग काढण्यास अवधी मिळाला नाही, सोबत पंच मिळाले नाहीत, सभा मिळाली नाही. द्वारकेत एका कानातून दुसऱ्या कानात जाण्यास वेळ लागत असे. आज खिशातील यंत्र तेच काम एका क्षणात करते, आणि 'बहुधा' हा शब्द वाटेत गळावा इतकीही वाट उरलेली नाही.

इतके दूरही जावयास नको. देवस्थानच्या हिशेबाविषयी, दागिन्यांविषयी, एखाद्या खजिनदाराविषयी दीपस्तंभाच्या कट्ट्यावर काय काय बोलले जाते, हे आपण सर्वजण जाणतो. संशय घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही; संशय असेल तर तो महाजनांच्या सभेत, त्या माणसासमक्ष मांडावा, वह्या मागाव्यात, उत्तर ऐकावे. कट्ट्यावरचा संशय कोणालाच उत्तर देऊ देत नाही.

म्हणून चवथीचा चंद्र पाहावा की पाहू नये, या वादात आम्ही पडत नाही. ज्याला आईच्या शब्दाखातर मान खाली घालावयाची आहे त्याने ती खुशाल घालावी. मात्र त्या रात्री घरातील मुलांना स्यमंतकाची कथा पुरी सांगावी, दाईच्या त्या बोलांचा अर्थ समजावून द्यावा, आणि जे आपण स्वतः पाहिले नाही ते कोणाच्या कानी न घालण्याचा नेम निदान पुढच्या चवथीपर्यंत तरी घरातील थोरांनी धरावा.