शिंगाच्या धनुष्याचा स्वभाव

दोरी उतरवून ठेवलेलं गाकगुंग हे धनुष्य आहे, हे नवख्या माणसाला सांगूनही पटत नाही. दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला निघालेली असतात आणि मधल्या काठीचं जवळजवळ कडं झालेलं असतं. दोरी चढवायची ती या वळणाच्या आतून नव्हे. सगळं वळण उलथवून, धनुष्याला त्याच्या नैसर्गिक वळणाच्या बरोबर विरुद्ध दिशेला नेऊन मग ती चढते. म्हणजे बाण लावण्याआधीच, नुसती दोरी चढवताना, त्यात भरपूर ताण साठलेला असतो. चढवल्यावर हे कोरियन धनुष्य जेमतेम चार फुटांचं भरतं. लक्ष्य उभं असतं 145 मीटरवर. ऑलिंपिकचं अंतर 70 मीटरचं आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या चार फुटांची किंमत कळते.

पल्ल्यासाठी त्याची वाहवा होते ती रास्तच आहे. पण मला गाकगुंग आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. धनुष्य पारखून घेणं, ते लावणं आणि ते चालवणं ही तीन कामं इथे सुटी करताच येत नाहीत. काल लावलेलं धनुष्य आज तसंच राहत नाही. हवा बदलली की त्याचा स्वभाव बदलतो, आणि तो ओळखणं हा नेमबाजीचाच भाग होऊन बसतो.

ते कशाकशाचं बनतं हे पाहिलं की या स्वभावाचं मूळ सापडतं. गाभा बांबूचा, दोन्ही टोकांना तुतीच्या लाकडाचे वाकवलेले तुकडे, मुठीपाशी ओक. तिरंदाजाकडच्या बाजूला पाणम्हशीच्या शिंगाची लांब पट्टी, लक्ष्याकडच्या बाजूला बैलाच्या पाठीवरच्या कंडरेचे थर, आणि त्यावर भूर्जाची साल. धनुष्य ओढलं की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. दाब सोसून जोरानं उसळी घेण्यात शिंगाचा हात धरणारं लाकूड नाही, आणि ताण सोसण्यात कंडरेला तोड नाही. ज्याला जे उत्तम जमतं ते काम त्याच्याकडे सोपवलेलं आहे. आपल्याकडच्या मोगल आणि मराठा काळातल्या चांगल्या कमानी याच घराण्यातल्या. पण इतकं आखूड आणि इतकं उलटं वळलेलं रूप कोरियन कारागिरांनीच टोकाला नेलं.

गंमत अशी की यातलं सर्वांत मोलाचं द्रव्य कोरियात पिकतच नाही. शिंग दक्षिणेकडून, चीनमार्गे यायचं. पंधराव्या शतकात राजा सेजोच्या काळी र्युक्यू बेटांकडून पाणम्हशी मिळाल्या, त्यांची पैदास करून पाहिली गेली, पण टंचाई काही हटली नाही. मग शिंगाची पट्टी आखूड लावून उरलेली जागा तुतीच्या लाकडानं भागवलेली धनुष्यंही होऊ लागली. पूर्ण शिंगाचं ते जांगगुंग, आखूड शिंगाचं ते हुगुंग. म्हणजे धनुष्य हाती घेताना पहिली नजर शिंग कुठपर्यंत गेलं आहे यावर पडायची.

हे सगळे थर धरून ठेवतं ते माशाचं सरस. मिनऑ नावाच्या माशाचा वाताशय शिजवून ते काढतात. हा मासा आपल्या घोळीच्या कुळातला. पालघरकडचे कोळी घोळीच्या ज्या भोताला सोन्यासारखं जपतात, तोच अवयव. हे सरस लवचीक असतं, धनुष्याबरोबर वाकतं आणि तडकत नाही, पण ओल त्याला सोसवत नाही. म्हणून धनुष्य बनवण्याचा हंगाम शरद सरता सरता सुरू होतो आणि वसंतात आटोपतो. बुछन आणि येछन ही गावं या कामासाठी नावाजलेली. कंडरा वाळवून, ठेचून, विंचरून केसांइतकी बारीक करायची, सरसात भिजवून थरावर थर बसवायचा आणि प्रत्येक थर सुकायची वाट पाहायची. इथे घाई केली की ती पुढे कधीतरी उकलून बाहेर येते.

या सरसापायी कोरियाच्या इतिहासानं एकदा वळण घेतलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 1388 साली गोऱ्यो घराण्याच्या राजानं सेनापती यी संगग्ये याला ल्याओतुंग या प्रदेशावर चाल करून जायला फर्मावलं. संगग्ये स्वतः नावाजलेला धनुर्धर. त्यानं मोहिमेविरुद्ध चार कारणं मांडली आणि त्यातलं एक असं होतं, की पावसाळा तोंडावर आहे, धनुष्यांचं सरस सुटेल. राजानं ऐकलं नाही. यालू नदीतल्या विह्वा बेटावरून संगग्ये सैन्य घेऊन माघारी फिरला, सत्ता हाती घेतली आणि 1392 साली त्याच्या जोसन घराण्याचं राज्य सुरू झालं. त्या निर्णयामागे राजकारण होतंच. पण भर दरबारात सरसाचा मुद्दा मांडता येतो, यावरून शस्त्राशी त्या लोकांची ओळख किती जवळची होती ते दिसतं.

दमट हवेपुढे भारतानं दुसरी वाट काढली. इथे पूर्ण पोलादाच्या कमानीही घडल्या, ज्या शस्त्रागारात पडून राहिल्या तरी बिघडत नसत. कोरियन माणसानं धनुष्य बदललं नाही. त्यानं त्याला उबदार पेटी दिली. दोरी उतरवलेली धनुष्यं मंद उष्णता असलेल्या पेटीत ठेवतात, म्हणजे सरस कोरडं राहतं. मला दुसरं उत्तर जास्त भावतं, कारण त्यात उत्तम वस्तूच्या दुबळेपणाची जबाबदारी माणूस स्वतःकडे घेतो.

आता धनुष्य लावण्याविषयी. सोलमधलं ह्वांगहाकजंग हे धनुर्विद्येचं जुनं मैदान. 1894 च्या सुधारणांत लष्करी परीक्षा बंद झाली आणि धनुष्याचा सरकारी आधार गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1899 मध्ये, सम्राट कोजोंगनं आपल्या राजवाड्याच्या आवारात हे मैदान उभं केलं. 1922 मध्ये ते साजिक-दोंगला हलवलं गेलं. तिथे एका वयस्क धनुर्धराला मी हातभर अंतरावरून धनुष्य लावताना पाहिलं. पेटीतून काढलेलं कडं त्यांनी शेगडीच्या उबेवर धरलं, शिंगाची बाजू खाली ठेवून, सतत फिरवत. मधूनमधून तळहात शिंगावर टेकवायचे आणि किती ऊब पोचली ते बघायचे. शिंग ऊब धरतं तसं ते ऐकू लागतं. मग मांड्यांवर घेऊन, दोन्ही बाहू एकदम, हळूहळू उलटे दाबत नेले आणि दोरीचे फासे टोकांच्या खोबणीत बसवले. नवखा माणूस इथेच धनुष्य मोडतो. एक बाहू पुढे आणि दुसरा मागे राहिला, की सगळा ताण पिळा घेऊन उसळतो आणि शिंग चिरतं.

दोरी चढली म्हणजे झालं असं मला वाटलं होतं, पण खरं काम तिथून पुढे सुरू झालं. त्यांनी एक टोक डोळ्यापाशी धरून लांबीच्या दिशेनं पाहिलं. दोरी मधोमध पडते आहे का, वरचा बाहू खालच्यापेक्षा हट्टी आहे का, कुठे फुगवटा आला आहे का. वरच्या बाहूचा मधला भाग कमी वाकत होता. तेवढाच भाग पुन्हा उबेवर धरला, जमिनीवर ठेवून तळपायानं अलगद दाबला, थंड होऊ दिला आणि पुन्हा पाहिलं. मग दुसरीकडे. बराच वेळ हे चाललं होतं. चांगला गवई मैफलीआधी तंबोरा लावतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी तन्मयता असते, ती मला त्या चेहऱ्यावर दिसली. तोवर एकही बाण सुटला नव्हता, तरी त्या दिवसाची नेमबाजी अर्ध्याहून अधिक ठरून गेली होती. सम वाकणारे बाहू बाणाला सरळ ढकलतात. हट्टी बाहू त्याला हिसका देतो आणि 145 मीटरवर त्या हिसक्याचं अंतर कितीतरी हात होतं.

निवडीचं शास्त्र त्यामानानं थोडक्यात सांगता येतं, पाळणं मात्र कठीण. धनुष्य आपल्यापेक्षा थोडं कमी बळाचं असावं. पारंपरिक सल्ला मऊ धनुष्य आणि जड बाण असा आहे. मला तो फार शहाणा वाटतो. ताठ धनुष्य घेतलं की सगळं लक्ष ते ओढण्यात जातं, नेम पाहायला माणूस शिल्लक राहत नाही. जड बाण धनुष्याचं बळ अधिक पुरतं घेतो, त्यामुळे बाण सुटल्यावर हाताला झटका कमी बसतो आणि वाऱ्यानं तो कमी हलतो. बाणाची लांबी आणि वजन हाताच्या ओढीवर ठरतं. वजन अजूनही ‘दोन’ नावाच्या जुन्या मापात सांगतात. एक दोन म्हणजे 3.75 ग्रॅम, आणि सात दोनांच्या आसपासचा बाण सर्रास वापरतात.

बाण हीसुद्धा स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे. बारीक बांबू विस्तवावर शेकून सरळ करायचा, टोकापाशी कंडरा गुंडाळायची, मागची खोबण वेगळ्या चिवट लाकडाची बसवायची, तिच्यावर पीचच्या झाडाची साल चढवायची आणि फेझंटची तीन पिसं लावायची. एका संचातले पाचही बाण वजनानं आणि लवचिकपणानं सारखे हवेत, कारण एका फेरीत पाच बाण सोडतात. या फेरीला सुन म्हणतात.

शिकाऊ माणसाला मैदानावर उभं राहण्याआधी दोरी बांधलेल्या बाणावर हात बसवावा लागतो. खांबाला बांधलेला हा बाण थोडासा जाऊन परत येतो. लक्ष्य नसतं, त्यामुळे लागला की चुकला हा प्रश्नच येत नाही. शरीर काय करतं एवढंच पाहायचं. पाय एकमेकांशी काटकोनात नसावेत आणि फार फाकलेलेही नसावेत. छाती हलकी आणि बळ पोटात. दोरी ओढायची ती अंगठ्यानं, अंगठ्यात शिंगाची कडी घालून, थेट कानाच्या मागेपर्यंत. बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, मुठीवर टेकलेला असतो. तो सुटताना धनुष्याला घासून वाकडा जाऊ नये म्हणून मुठीचा हात आतल्या बाजूला पीळ धरून ठेवतो. हा पीळ किती आणि केव्हा, यात सगळी मेख आहे. पुढचा हात पर्वत ढकलल्यासारखा, मागचा हात वाघाच्या शेपटीसारखा, असं कोरियन परंपरा सांगते. सुटलेला हात जागीच थांबला तर ओढ अर्धवट होती. तो मागे मोकळा फेकला गेला, तरच दोन्ही हात शेवटपर्यंत एकमेकांपासून दूर जात होते हे सिद्ध होतं. सेनापती यी सुन-शिन जपानी स्वाऱ्यांच्या काळात, 1592 ते 1598, ठेवलेल्या रोजनिशीत सरकारी काम उरकून बाण सोडल्याचं पुन्हा पुन्हा लिहितो आणि तेही सुनच्या हिशेबानं. युद्ध उंबऱ्यावर असतानाही त्याच्या सरावाची नोंद अशी साधी आहे.

बाण अडीच-तीन सेकंद हवेत राहतो. लक्ष्य म्हणजे सुमारे दोन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटरच्या आत उंच अशी फळी, जराशी मागे कललेली. बाण तिला लागला की ठोक ऐकू येतो. वर्तुळ असलं तरी ते मोजायला नाही. काठावर लागला काय आणि मधोमध लागला काय, नेम एकच. ऑलिंपिकच्या फळीवर मधल्या 12.2 सेंटिमीटरसाठी जीव टाकणाऱ्या खेळाडूला हे सैल वाटेल. मला तसं वाटत नाही. इथे गुण अचूकतेच्या कणांत विभागलेला नाही, त्यामुळे धनुर्धराचं मन एका आकड्यावरून दुसऱ्यावर धावत नाही. तो वारा आणि स्वतःचा हात या दोनच गोष्टींकडे बघतो. चुकला तर कारण स्वतःत शोधावं, हा तिथला जुना नियम आहे.

राजा जंगजो हा या परंपरेतला मला सर्वांत आवडता माणूस. 1792 मध्ये त्यानं पन्नासपैकी एकोणपन्नास बाण अचूक मारल्याच्या नोंदी एकदा नव्हे, अनेकदा आढळतात. पन्नासावा तो मुद्दाम बाहेर सोडत असे, असं परंपरा सांगते. एखादा राजा विजय पूर्ण करत नाही, एक बाण रिकामा ठेवतो, यातलं सौंदर्य समजायला कोरियन असावं लागत नाही.

मैदानावरच्या रीतीही याच वळणाच्या. पहिला बाण सोडण्याआधी प्रत्येक जण, मग तो कितीही जुना असो, मी धनुष्य शिकतो आहे असं मोठ्यानं म्हणतो. बाकीचे उत्तर देतात, खूप नेम लागू द्या. एका फेरीतले पाचही बाण पहिल्यांदा लागले की त्या माणसाला नवी उपाधी मिळते आणि सगळं मैदान त्याचा आनंद साजरा करतं. बाण सोडताना मात्र बोलायचं नाही.

आज बहुतेकांच्या हाती कृत्रिम तंतूंचं धनुष्य आणि कार्बनचे बाण असतात. ते पावसाला भीत नाहीत, उबदार पेटी मागत नाहीत आणि त्यांना दर सकाळी लावावंही लागत नाही. शिकण्यासाठी ते चांगलेच आहेत, त्यांच्याशिवाय इतके लोक मैदानावर आले नसते. पण पाचव्या ‘दान’ श्रेणीपासून पुढच्या परीक्षा शिंगाच्या धनुष्यानं आणि बांबूच्या बाणांनीच द्याव्या लागतात. मला हा नियम नुसता परंपरेचा मान राखणारा वाटत नाही, तो कौशल्याची खरी व्याख्या करणारा वाटतो. चार दान मिळवलेला माणूसही शेगडीपुढे बसून शिंगाला ऊब कुठे, किती द्यायची ते शिकू लागतो, त्याची एक-दोन धनुष्यं पिळा घेऊन चिरतात, जून-जुलैच्या पावसात पेटीची ऊब जपावी लागते, आणि नेम कधी लागेल आणि कधी चुकेल याचा अंदाज त्याला पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.