कागदावरचं वीजकेंद्र

लोणावळ्याच्या माणसाला पाणी वरून दिसतं. वळवण धरण किती भरलं, याची चौकशी झाली की आमचा पावसाळा झाला. त्या पाण्याचं पुढे काय होतं, हे पाहायला खोपोलीत उतरून मान वर करावी लागते. डोंगराच्या अंगावरून टाटांचे पाइप थेट खाली आलेत, सुमारे 500 मीटर. इंद्रायणीतून पूर्वेला गेलं असतं ते पाणी 1915 पासून इथे वीज देऊन पाताळगंगेच्या वाटेनं पश्चिमेला जातं.

इटालियन वास्तुरचनाकार आंतोनिओ सांतेलिआनं 1914 साली काढलेलं वीजकेंद्राचं चित्र पाहिलं, तेव्हा मला आधी हे पाइप आठवले. त्यानंही बघणाऱ्याला पायथ्याशीच उभं केलंय. मागे रेलल्यासारख्या भिंती, तिरके नळ, ताणलेल्या तारा. नजर विसावेल अशी जागाच त्यानं ठेवलेली नाही. प्रत्येक रेघ वर तरी ओढते नाहीतर खाली तरी ढकलते. कमान नाही, नक्षी नाही. इटलीत राहून कमान टाळायची म्हणजे आपल्याकडे देऊळ काढून कळस विसरण्यासारखं! पण पाण्याच्या दाबाला नक्षी लागत नाही, उतार लागतो, हे या पोरानं अचूक हेरलं होतं. पोरच म्हणायचं. प्रत्यक्षात त्यानं बांधलं ते इटलीतल्या कोमो गावाजवळचं एक छोटंसं घर. त्यानं कल्पिलेलं बाकी सगळं शहर कागदावर.

एकच खटकतं. चित्रात माणूस नाही, आणि ओलही नाही. घाटात उभं केलेलं काहीही दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. याच्या भिंतींना शेवाळ माहीतच नाही.

यंत्राइतकेच युद्धाचेही गोडवे गाणाऱ्या फ्यूचरिस्टांच्या गोटातला तो. 1916 मध्ये पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला, वय 28. पुढे 1931 ते 33 या काळात कोमोत युद्धातल्या मृतांचं स्मारक उभारताना त्याचंच दीपस्तंभासारख्या मनोऱ्याचं एक रेखाटन शोधून काढलं गेलं. बांधणारा ज्युझेप्पे तेरान्यी. तेरान्यीची स्वतःची नजर सरळ चौकटींची. त्याच गावात फॅसिस्ट पक्षासाठी त्यानं बांधलेली 'कासा देल फाशो' बघा: स्वच्छ, मोजूनमापून केलेली, आणि काम कुणाचं हे विसरता आलं तर फार सुंदर. स्मारकात मात्र तो बाजूला सरला आणि मित्राच्या हाताला हात लावावा तसा त्या रेषांमागून गेला.

33 मीटर उंचीचा दगडी मनोरा. रेघा त्याच, रेलणंही तेच. पण खोपोलीच्या उतारावर जो दाब जाणवतो, तो इथे नाही. आत ग्रॅनाइटची शिळा आणि तिच्यावर मेलेल्यांची नावं. समोर कोमोचं अख्खं तळं पसरलंय. मनोऱ्याला त्या पाण्याशी काही देणंघेणं नाही.